झेल्माने झाडलेलं अंगण

झेल्मा ओगिस्टने झाडलेल्या जागेवर पाय ठेवायचा म्हणजे माणसाला आपल्या चपलांची लाज वाटायची. आमच्या बेटावर, मों देझीर गावच्या टेकाडावर, समुद्राच्या अगदी कडेला, चिंचेच्या झाडाखाली एक मोकळी जागा होती. गावात सगळे तिला शाळा म्हणत. शाळा तिथे नव्हती. गावातल्या जिवंत माणसांपैकी कुणी ती पाहिलेलीही नव्हती. पण ‘शाळेवरून वळ’, ‘शाळेपाशी थांब’, असंच आम्ही बोलत आलो, आणि बाहेरचा माणूस शाळा शोधत तिथे पोचला की त्याला दिसायची ती एक रिकामी, लख्ख जागा आणि तिच्या कडेला खराटा घेऊन उभी असलेली एक उंच, हाडकुळी बाई.

“चपला काढ,” ती म्हणायची. नमस्कार-चमत्कार नंतर.

खराटा ती स्वतः बांधायची, माडाच्या हिरांचा. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या झाडूला ती हात लावत नसे. चिंचेच्या बुंध्यापासून सुरुवात करून मागे मागे सरकत झाडायची, म्हणजे स्वतःच्या पावलांच्या खुणासुद्धा उरू नयेत. झाडून झालं की मातीवर हिरांच्या बारीक रेघा उमटलेल्या असत, एकीला लागून दुसरी. मग गोळा झालेला पाला, माती, खडे, जे काही असेल ते घमेल्यात भरून, डोक्यावर घेऊन ती निघून जायची. हे दर शनिवारी. पिकं निघाल्यावर गावात जनावरं मोकळी सोडायचे दिवस आले, ज्याला आम्ही लेगो म्हणतो, की रोज. कारण बकऱ्यांना शाळा कळत नाही.

ही हौस नव्हती, मान होता. गुलामी उठली तेव्हा आमच्या लोकांनी देवळाच्याही आधी, पाण्याच्या टाकीच्याही आधी, स्वतःच्या हाताने जी पहिली गोष्ट उभी केली ती शाळा. जोनास नावाचा एका डोळ्याचा सुतार तिथे शिकवायचा. त्याला अक्षरं कुणी शिकवली? कुणीच नाही. धक्क्यावर साखरेच्या पिंपांवर मालकांची नावं छापलेली असायची, ती बघून बघून तो शिकला. दिवसा पोरं बसायची आणि उन्हं कलली की त्यांचे आईबाप. मोठमोठे बाप्ये, पाठीवर वळ असलेले, मांडीवर पाटी घेऊन. जोनासची बायको अंगण झाडायची, आणि ती झेल्माच्या आजीची आजी. मोठ्या वादळात शाळेच्या फळ्या समुद्रात गेल्या. ज्या सुट्या दगडांवर ती टेकलेली होती ते दगड गावाने देवळाच्या भिंतीत घातले. मागे राहिलं ते अंगण, आणि ते झाडण्याचा मान आईकडून लेकीकडे येत राहिला. झेल्माच्या आजीने, मा रोझीने, मरायच्या आधी तिला जवळ बोलावून जमीन दिली नाही, दागिना दिला नाही. “शाळा घाण होऊ देऊ नकोस,” एवढं सांगितलं.

गंमत अशी की झेल्मा स्वतः शाळेत फारशी टिकली नाही. म्हणजे खऱ्या, सरकारी शाळेत. दुसरीत असताना आईने बकऱ्या आणि धाकटा भाऊ तिच्या गळ्यात घातला आणि शिक्षण आटोपलं. अक्षरं तिला दुरून दिसणाऱ्या ओळखीच्या माणसांसारखी कळायची, चेहरा ओळखू यायचा, नाव पटकन आठवायचं नाही. देवळात स्तोत्रांचं पुस्तक हातात धरून ती ओठ हलवायची, आणि तिच्या शेजारी बसणारी मेलिता मुद्दाम जरा मोठ्याने गायची, म्हणजे हिला शब्द मिळावेत. दोघींची मैत्री अशा न बोललेल्या गोष्टींवर उभी होती.

तिचा नवरा गेब्रियल अरुबाला तेलाच्या कारखान्यात गेला आणि तिथेच दुसरं घर मांडून बसला. मुलगा ऑथ्नील मोठा झाला आणि ब्रुकलिनला गेला. त्याने आईला बोलावून घेतलं, विमानाचं तिकीट पाठवलं, गरम कोट घेऊन दिला. झेल्मा गेली. तिथे त्याच्या इमारतीच्या पायऱ्या झाडायला लागली, मग पायऱ्यांसमोरचा फुटपाथ, मग शेजारच्या इमारतीचाही. शेजारच्या बाईने ऑथ्नीलला विचारलं, तुमची ही कामवाली आमच्याकडे किती घेईल? ऑथ्नीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने मात्र तो विनोद आयुष्यभर सांगितला. हिवाळा संपायच्या आत ती परत आली, कारण लेगो सुरू व्हायची वेळ झाली होती.

“राहायचंस की गं तिकडे,” मेलिता म्हणाली. “मऊ गादी, गरम पाणी. मी असते तर मला ओढून आणावं लागलं असतं.”

“आणि शाळा कोण झाडणार? तू?”

“मी झाडली असती.”

“तू झाडतेस ते मी पाहिलंय. कोंबडी उकरते तसं.”

ऑथ्नीलने त्यानंतर पुष्कळदा बोलावलं. तिने दरवेळी हेच कारण सांगितलं. नातवंडं फोटोतच मोठी झाली. एकदा मेलिताने तिला सरळच विचारलं, एका रिकाम्या जागेपायी तू पोराला पारखी झालीस, वाईट नाही वाटत? झेल्मा म्हणाली, वाटतं. मग खराटा घेऊन गेली.

अशी तिची सत्तरी उलटली आणि कंपनी आली.

कंपनी म्हणजे बाहेरचे कुणीतरी, ज्यांना टेकाडावर पाहुण्यांसाठी बंगले बांधायचे होते. समुद्र दोन्ही बाजूंनी दिसतो ना. जमीन कागदोपत्री सरकारची. गावाला हे तेव्हा कळलं जेव्हा तिथे पाटी ठोकली गेली, आणि ती पाटी झेल्माने उपटून धक्क्यावर नेऊन टाकली. मग मोठ्या बेटावरून एक साहेब आले. देवळात बैठक झाली. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला परतीची बोट पकडायची होती.

“इथे शाळा होती याला पुरावा काय?” त्याने विचारलं.

“आम्ही आहोत की,” मेलिता म्हणाली.

“तुम्ही पाहिलीत?”

“माझ्या आजीने पाहिली.”

“त्या कुठे आहेत?”

“तुमच्या पाठीमागे. तिसरी कबर.”

हसू झालं, पण पुरावा काही झाला नाही. मिशनच्या जुन्या कागदांत त्या किनाऱ्यावरच्या लोकांनी शाळा चालवल्याचा उल्लेख होता, पण जागेचं नाव नव्हतं. किनारा लांबलचक आहे. दारूचं आणि किराण्याचं दुकान चालवणारा कॉन्रॅड, झेल्माचा चुलतभाऊ, उठून म्हणाला की शाळा इथे नव्हती तर मग आम्ही काय दीडशे वर्षं चिंचेची पूजा करतोय? साहेब कंटाळला. शेवटी असं ठरलं की विद्यापीठाची माणसं येऊन खणून बघतील. जमिनीत शाळा सापडली तर जागा राखली जाईल, कायमची. नाही सापडली तर कंपनीला मोकळी.

गाव खूश. आणि सगळ्यात खूश झेल्मा. इतकी वर्षं तिला लोक प्रेमाने वेडी म्हणत आलेले, आता सरकारच विद्यापीठाची माणसं पाठवून ती शहाणी होती हे सिद्ध करणार होतं.

“जमीन बोलेल बघ,” ती मेलिताला म्हणाली. “जन्मभर सेवा केलीय तिची. ती मला तोंडघशी पाडायची नाही.”

खणायला आलेल्या बाईचं नाव जोसलिन पियर. त्रिनिदादची, पण आई आमच्या बेटावरची, त्यामुळे तिला टँटी, म्हणजे मावशी, कुणाला म्हणायचं आणि नुसत्या नावाने हाक कुणाला मारायची हे ठाऊक होतं. ती डॉक्टर आहे असं कळल्यावर पहिल्या दिवशी चार म्हाताऱ्या गुडघे दाखवायला आल्या. तिने बिचारीने गुडघे पाहिले. तिच्या हाताखाली दोन विद्यार्थिनी होत्या, दोऱ्या, चाळण्या, गवंड्यासारख्या करण्या होत्या.

खणायच्या दिवशी सकाळी झेल्माने शाळा झाडली. इतकी कसून की तिचे तळवे सोलवटले. आदल्या संध्याकाळी तिने म्हाताऱ्यांचं ताट मांडलं होतं. आमच्याकडे मोठं काम काढायच्या आधी गेलेल्यांना जेवू घालतात. मक्याचं कूकू, शिजवलेली कोंबडी, तुरीचे दाणे, आणि जोनाससाठी रमचा पेला, कारण तो पीत असे म्हणतात. जोसलिन आली तेव्हा अंगणावर रेघा ताज्या होत्या. ती कडेलाच थांबली. बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली.

“टँटी, हे असं तुम्ही नेहमी करता?”

“नेहमी म्हणजे? दर शनिवारी. माझ्या आधी माझी आई. तिच्या आधी मा रोझी. तिच्याही आधी...”

“कधीच चुकलं नाही?”

“वादळात चुकलं असेल, आणि मी ब्रुकलिनला होते तेवढं,” झेल्मा अभिमानाने म्हणाली.

जोसलिन हसली. पण ती हसण्याआधी काहीतरी वेगळं तिच्या चेहऱ्यावरून गेलं. मेलिताने ते पाहिलं, झेल्माने नाही. झेल्मा तेव्हा चपला काढायला सांगत होती.

त्यांनी दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि करणीने माती खरवडायला सुरुवात केली. पहिला घाव बसला तेव्हा झेल्माने तोंड फिरवलं. पण मग ती तिथेच एका दगडावर बसली आणि सगळे दिवस बसून राहिली. विद्यार्थिनींना ती उकडलेला ब्रेडफ्रूट आणि भाजलेली मासळी आणून द्यायची, शाळा कशी होती ते सांगायची. इथे दार. इथे जोनास बसायचा. इथे मोठी माणसं, ती लाजून मागे मागे सरायची, म्हणून त्यांना पुढे बसवायचे. जोसलिन सगळं ऐकायची आणि मान हलवायची.

जमिनीतून निघाला मुरूम. पिवळा, कोरा मुरूम. वरची माती बोटभरसुद्धा नव्हती, करणी लावली की लगेच तो लागायचा, आणि मुरमात काही नसतं, तो माणसाच्या आधीचा. एका चौकोनात तसंच, दुसऱ्यात तसंच. चिंचेच्या बाजूला तसंच, समुद्राच्या बाजूला तसंच. चाळणीत खडे उरायचे. ते खडेच असायचे.

कॉन्रॅड संध्याकाळी दुकान उघडायच्या आधी फेरी मारायचा. “काय डॉक्टर, सापडला का जोनासचा दुसरा डोळा?” तो विचारायचा. मग जोसलिनच्या कानाशी लागून म्हणायचा, “हे बघ, माझ्याकडे एक जुनी पाटी आहे. फुटकी. रात्रीतून पुरून ठेवतो, सकाळी तू काढ. कुणाला कळतंय?”

“मला कळेल,” जोसलिन म्हणायची. “उकरलेली जमीन उकरलेलीच दिसते.”

“शिकून तुझं नुकसान झालं बघ.”

झेल्माचा विश्वास ढळला नव्हता. शाळा लाजरी आहे, ती म्हणायची, अनोळखी माणसांसमोर येत नाही. पण तिची बडबड कमी झाली. एका दुपारी ती दगडावरून उठून चिंचेपाशी गेली आणि मुळांकडे बघत उभी राहिली. मुळं जमिनीच्या वर गुडघाभर उचललेली होती, त्यांच्या खालून कोंबडी आरपार गेली असती. लहानपणी ती इथेच मांडी घालून बसायची. तेव्हा मुळं नव्हती. म्हणजे होती, दिसत नव्हती.

“झाड वर आलंय,” ती म्हणाली.

जोसलिन तिच्याजवळ आली. “झाड वर येत नाही, टँटी,” ती हळू आवाजात म्हणाली. “जमीन खाली गेलीय.”

झेल्माला ते समजलं नाही. किंवा समजून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. जोसलिनने तिला हाताला धरून दगडावर बसवलं आणि मग तो प्रश्न विचारला जो तिने पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. पण तिलाही बहुधा उत्तराची भीती वाटत असावी.

“टँटी, झाडलेलं तुम्ही कुठे टाकता?”

विचारता विचारता जोसलिन स्वतःही तिच्याशेजारी सावरून बसली. हे सगळीकडे असतं, ती समजावून सांगू लागली. आमच्या सगळ्या बेटांवर बायका अंगण झाडतात, त्यामुळे अंगणात काही राहत नाही. पण झाडलेलं अंगणाच्या कडेला साचतं, कुंपणाखाली, घरामागे. तिथे ढीग होतो. अंगणात हरवलेलं सगळं त्या ढिगात असतं. तो ढीग दाखवा, आपण तो खणू. शाळा अंगणात नसेल, ढिगात असेल. तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी जीव आला होता. विद्यार्थिनींनी करण्या खाली ठेवल्या. मेलिताने मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, हे तिने मला नंतर सांगितलं.

झेल्माचं तोंड उजळलं. हे तर तिला माहीत होतं. या प्रश्नाचं उत्तर तिच्याइतकं कुणाकडेच नव्हतं.

“चल,” ती म्हणाली.

ती त्यांना टेकाडाच्या कड्यापर्यंत घेऊन गेली. तिथून पुढे जमीन संपते. खाली काळे खडक आणि त्यांच्यावर चढणारं, उतरणारं पाणी.

“इथे,” झेल्मा म्हणाली.

“इथे कुठे?”

“खाली. समुद्रात. इतर बायका टाकतात घरामागे, कोंबड्यांच्या पायात. आमच्यात ती पद्धत नाही. शाळेची माती ती. ती पायदळी येता कामा नये, असं मा रोझी सांगायची. म्हणून उचलून इथवर आणायची आणि समुद्राला द्यायची. पावसात, उन्हात, पोटुशी असतानासुद्धा मी घमेलं इथपर्यंत आणलंय. एकदाही वाटेत सांडलं नाही.”

जोसलिनने कड्यावरून वाकून खाली पाहिलं.

“टँटी,” जोसलिनने विचारलं, “झाडताना काय काय सापडायचं?”

“काय सापडणार? पाला. खडे. काळ्या दगडाचे पातळ तुकडे, ते पुष्कळ. पोरांचे पाय कापतात म्हणून वेचून वेचून टाकायचे. पांढऱ्या काड्या, खडूसारख्या. हाडाची बटणं. एक निळा मणी सापडलेला, मी लहान होते, ठेवून घेणार होते. आईने कानशिलात दिली, म्हणाली शाळेचं घरी न्यायचं नाही. तोही इथूनच टाकला.”

जोसलिन खाली बसली. उभी होती ती तिथेच, गवतावर. एक विद्यार्थिनी रडायला लागली आणि दुसरीने तिचा हात दाबला. झेल्मा एकीकडून दुसरीकडे बघू लागली. ते काळे तुकडे म्हणजे पाट्या, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. स्वतः बोलतानाच तिने ते ऐकलं. तिचा हात डोक्याकडे गेला, जिथे घमेलं असायचं, आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्या सगळ्या खाली उतरल्या आणि खडकांच्या फटींत शोधत फिरल्या. पोवळ्याचे तुकडे मिळाले, कॉन्रॅडच्या दुकानातली एक बाटली मिळाली. शंभर पावसाळे ज्या पाण्याने तो कडा धुतला त्याने काय ठेवायचं होतं? झेल्मा उतरली नाही. तिच्याने ती वाट उतरवत नसे. ती वर कड्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती, आणि जोसलिन भिजलेली, रिकामी वर आली तेव्हा तिने तिला शेजारी बसवून घेतलं.

“मला एक खरं सांगशील?”

“सांगेन.”

“मी आळशी असते तर? मी, माझी आई, मा रोझी, आम्ही कुणी हातच लावला नसता. गवत माजू दिलं असतं, बकऱ्या बसू दिल्या असत्या. तर?”

जोसलिनने ओल्या बाह्या पिळल्या.

“तर सापडली असती,” ती म्हणाली.

मला विचाराल तर त्या पोरीने तेव्हा खोटं बोलायला हवं होतं. कॉन्रॅड बोलला असता, त्याला तेवढी अक्कल होती. शिकलेली माणसं नको तिथे खरी वागतात. पण झेल्मानेच खरं मागितलं होतं, आणि आयुष्यात तिने मागितलेल्या फार थोड्या गोष्टी तिला मिळाल्या, त्यांतली ही एक.

जोसलिनने अहवाल मनापासून लिहिला. झाडण्याच्या रीतीबद्दल लिहिलं, मुळांबद्दल लिहिलं, समुद्राबद्दल लिहिलं, काही सापडलं नाही याचा अर्थ काही नव्हतं असा होत नाही, असंही लिहिलं. साहेबांनी शेवटची ओळ वाचली. सदर जागेवर बांधकामाचा अथवा वापराचा पुरावा आढळून आला नाही. जागा कंपनीला मिळाली.

गावाला कुणाला तरी बोल लावायचा होता. साहेबाला लावून उपयोग नव्हता, तो ऐकायला इथे नव्हता. कॉन्रॅडच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, “कंपनीला शाळा पाडावी लागलीच नाही. झेल्माने आधीच झाडून टाकली होती.” लोक हसले. कॉन्रॅडही हसला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ते चार ठिकाणी सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याने पाहिलं तर झेल्मा दुकानाच्या दारात उभी होती, मीठ घ्यायला. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. त्याने मिठाचे पैसे घेतले नाहीत. तिने ते फळीवर ठेवले आणि गेली. त्यानंतर त्याच्या दुकानात तो विनोद कुणी काढला की तो पेला काढून घ्यायचा, पण एव्हाना तो विनोद त्याचा एकट्याचा राहिला नव्हता.

तिने झाडणं सोडलं. शाळेचंच नव्हे, स्वतःच्या घरासमोरचंही. पानं साचली, कोंबड्यांनी घाण केली, दारापर्यंत गवत आलं. मेलिताला बघवेना. एका सकाळी ती स्वतःचा खराटा घेऊन आली आणि काही न बोलता झेल्माचं अंगण झाडायला लागली. झेल्मा घरातून धावत आली आणि तिने खराटा हिसकावून घेतला.

“राहू दे.”

“अगं, साप निघेल एखादा.”

“निघू दे. मी म्हातारी झालेय, मेलिता. मी इथे राहत होते हे तरी कळू दे कुणाला.”

मेलिता घरी जाऊन रडली. ती फार रडणारी बाई नाही.

ऑथ्नीलचा फोन आला. त्याला कुणीतरी सगळं कळवलं होतं. “मा, आता तरी ये,” तो म्हणाला. “आता तुला धरून ठेवणारं तिथे काय आहे?” तो चांगल्या मनाने म्हणाला, आणि झेल्माला तो चांगल्या मनाने म्हणतोय हे कळत होतं. पण तेच तिला सोसवेना. त्याच्या लग्नाला ती गेली नव्हती. त्याचं पहिलं पोर तापाने गेलं तेव्हाही ती इथे होती, घमेलं डोक्यावर घेऊन. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

“आता येऊन काय करू रे,” ती म्हणाली. “यायचं होतं तेव्हा आले नाही.”

“तसं नको बोलूस.”

“मग कसं बोलू?”

शेवटी फोन तिनेच ठेवला.

यंत्र बोटीतून आलं तेव्हा सगळं गाव टेकाडावर जमलं. विरोध करायला नव्हे, ती धमक कधीच संपली होती. प्रेताला जमतात तसं जमलं. झेल्माने येऊ नये असं मेलिताला वाटत होतं, पण ती आली, देवळात घालायचा पोशाख करून, डोक्याला पांढरं फडकं बांधून. तिला बघून लोकांनी वाट दिली. तिच्याकडे थेट बघायचं मात्र सगळ्यांनी टाळलं.

कंपनीचा मुकादम दुसऱ्या बेटावरचा होता. चांगला, हसतमुख माणूस, घाम पुसत सगळ्यांना सुप्रभात म्हणणारा. त्याला या सगळ्याची काही कल्पना नव्हती. त्याने चिंचेपासून कड्यापर्यंत चालत जागा पाहिली, बुटाने थोडा पाला बाजूला सारला, टाच आपटून मुरूम बघितला, आणि खूश होऊन परत आला.

“आम्ही तर झाडंझुडपं काढायला आठवडा धरला होता,” तो जमलेल्या माणसांना म्हणाला. “शेजारची जागा बघितलीत ना, काटेच काटे. आणि ही बघा, ती चिंच सोडली तर झुडूप नाही, दगड नाही, वरची मातीसुद्धा काढायची गरज नाही. आजच पाया धरता येईल. फार मेहनत घेतलीय हो कुणीतरी. कुणी ठेवली एवढी स्वच्छ?”

कॉन्रॅडने मान खाली घातली. मेलिताने झेल्माचा हात पकडला. मुकादम एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याला खरोखरच आभार मानायचे होते.

“कुणी नाही,” झेल्मा म्हणाली.

मुकादमाने मान डोलावली आणि यंत्रवाल्याला हात केला.